वासराचे जठर, बुरशीची टाकी आणि ‘व्हीगन’ या शब्दाचा अर्थ

१/
गाय नाही, म्हैस नाही, गोठा नाही. तरीही दुधातील प्रथिन अस्सल. पोलादी टाकीत वाढणाऱ्या सूक्ष्मजीवांकडून हे प्रथिन तयार करून घ्यायचे आणि त्यापासून चीज बनवायचे, हे तंत्र आता प्रत्यक्षात उतरले आहे. त्याबरोबरच एक प्रश्नही पुढे आला आहे. प्राण्यांपासून मिळणारे सर्वच अन्न वर्ज्य मानणारे व्हीगन लोक हे चीज खातील काय? प्रश्न नवा वाटतो, पण त्याची तालीम इतिहासात किमान दोनदा झाली आहे. पहिली १९१९ साली मुंबईत, एका आजारी माणसाच्या अंथरुणापाशी. दुसरी १९९० साली अमेरिकेत, एका सरकारी निर्णयाच्या रूपाने. या धाग्यात त्याच इतिहासाचा मागोवा.

२/
प्रथम चीज कसे बनते ते पाहणे आवश्यक आहे. दुधात केसीन नावाच्या प्रथिनाचे अतिसूक्ष्म गोळे तरंगत असतात. गायीच्या दुधातील एकूण प्रथिनांपैकी सुमारे ८० टक्के वाटा केसीनचा असतो. या गोळ्यांच्या पृष्ठभागावर केसांसारखे तंतू असतात आणि त्यांच्यामुळे गोळे एकमेकांना चिकटत नाहीत. लिंबू पिळून दूध नासवले की आम्लामुळे हे गोळे एकत्र येतात आणि पनीर तयार होते. युरोपातील बहुतेक टिकाऊ चीजची रीत मात्र निराळी. तेथे कायमोसिन नावाचे विकर हे तंतू नेमके कापते. मग गोळे जुळून घट्ट, लवचीक दही लागते. तेच दाबून आणि महिनोन्‌महिने मुरवून चीज होते.

३/
हे कायमोसिन येते कोठून? दूध पिणाऱ्या वासराच्या चौथ्या जठरातून. आईचे दूध पोटात घट्ट व्हावे आणि सावकाश पचावे, यासाठी निसर्गाने केलेली ही योजना आहे. या जठरातून काढलेल्या अर्काला रेनेट म्हणतात. वनस्पतींचे पर्यायही प्राचीन काळापासून ठाऊक होते. अंजिराच्या चिकाने दूध गोठते, हा दृष्टान्त होमरच्या ‘इलियड’मध्ये येतो. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील रोमन कृषिलेखक कोलुमेला कोकराच्या व करडाच्या रेनेटबरोबरच रानटी काटेफुले आणि अंजिराचा चीक यांचीही नोंद करतो. पोर्तुगालमध्ये काटेफुलांच्या केसरांनी लावलेले चीज आजही प्रसिद्ध आहे. तरीही दीर्घकाळ मुरणाऱ्या चीजसाठी वासराचे रेनेटच सर्वोत्तम मानले गेले.

४/
वासरांची जठरे एवढी सहज उपलब्ध का होती? गाय दूध देते ती व्याल्यावरच. सुमारे नऊ महिन्यांच्या गर्भारपणानंतर तिला पान्हा फुटतो, आणि दुभते टिकवायचे तर ती पुन्हा गाभण राहावी लागते. जन्मणाऱ्या वासरांपैकी साधारण निम्मी नर असतात आणि ती दूध देत नाहीत. युरोपच्या दुग्धव्यवसायात अशा वासरांची वाट बहुधा खाटकाकडे जात असे. त्यांचे मांस ताटात गेले, कातडे चर्मकाराकडे गेले आणि जठर चीजवाल्याकडे. म्हणजे दूध आणि रेनेट हे दोन स्वतंत्र पदार्थ नव्हते. ती एकाच व्यवस्थेची दोन टोके होती. या धाग्यात पुढे जे काही येईल, त्याच्या मुळाशी हीच गोष्ट आहे.

५/
१८७४ साली डेन्मार्कमधील ख्रिश्चन हान्सेन या औषधशास्त्रज्ञाने वासरांच्या जठरांपासून ठरावीक तीव्रतेचे रेनेट काढून विकायला आरंभ केला. तोपर्यंत चीज बनवणारे स्वतःच सुकवलेले जठर पाण्यात भिजवून अर्क काढीत आणि प्रत्येक वेळी त्याचा जोर निराळा असे. प्रमाणित रेनेटमुळे चीज घरच्या व गावच्या कौशल्यातून बाहेर पडून कारखान्यात गेले. उत्पादन वाढले, दर्जा एकसारखा झाला. मात्र शहरात चीजचा तुकडा विकत घेणाऱ्याला त्यामागचे वासरू आता दिसेनासे झाले.

६/
याच सुमारास इंग्लंडमध्ये शाकाहाराची चळवळ मूळ धरत होती. १८४७ साली रॅम्सगेट येथे ‘व्हेजिटेरियन सोसायटी’ स्थापन झाली. तिने मांस नाकारले, पण दूध व अंडी यांवर बंदी घातली नाही. जनावराला न मारता मिळणारे अन्न निर्दोष, असे साधे समीकरण त्यामागे होते. ते फार काळ निर्विवाद राहिले नाही. १९०९ ते १९१२ या काळात सोसायटीच्या मासिकात यावर दीर्घ पत्रव्यवहार झाला. दूध हवे तर वासरे जन्मणार आणि वासरे जन्मली तर ती मारली जाणार. मग दूध पिणारा शाकाहारी स्वतःला हत्येपासून अलिप्त कसा म्हणवू शकतो, असा काही सदस्यांचा सवाल होता. सोसायटीने धोरण बदलले नाही, पण सवालही मिटला नाही.

७/
त्याच काळात, १९१२ साली, दक्षिण आफ्रिकेतील टॉलस्टॉय फार्मवर मोहनदास गांधी यांनी आपले सहकारी हर्मन कॅलनबाख यांच्यासह दूध सोडले. त्यामागे दोन कारणे होती. दूध विकार वाढवते ही ब्रह्मचर्याच्या विचारातून आलेली समजूत हे एक. दुसरे कारण त्यांना अधिक अस्वस्थ करणारे होते. अधिक दूध निघावे म्हणून गायीम्हशींवर केल्या जाणाऱ्या ‘फूका’ नावाच्या क्रूर प्रकाराची माहिती त्यांच्या वाचनात आली होती. गांधींच्या नकारात अशा रीतीने आहाराबरोबरच जनावराच्या वेदनेचाही विचार आला.

८/
१९१८ साली खेडा जिल्ह्यातील सत्याग्रहानंतर आणि सैन्यभरतीच्या धावपळीत गांधी गंभीर आजारी पडले. शरीर खंगत गेले. १९१९ च्या आरंभी मुंबईत डॉ. दलाल यांनी त्यांना स्पष्ट सांगितले की, दूध घेतल्याशिवाय शक्ती भरून येणार नाही. गांधींनी व्रत पुढे केले. तेव्हा कस्तुरबांनी मार्ग सुचवला: व्रत घेताना मनात गायीम्हशींचे दूध होते, मग शेळीचे दूध घ्यायला हरकत काय? रौलट कायद्याविरुद्धचा लढा समोर उभा होता आणि जगण्याची इच्छा प्रबळ होती. गांधींनी शेळीचे दूध घेतले आणि ते पुढे आयुष्यभर घेतले.

९/
या तडजोडीने त्यांना समाधान लाभले नाही. ‘सत्याचे प्रयोग’ या आत्मकथेत त्यांनी स्वतःच मान्य केले आहे की, व्रताचा शब्द राखला गेला, परंतु व्रताचा आत्मा दुखावला. व्रत घेताना शेळी डोळ्यांसमोर नव्हती हे खरे, तरी दूध म्हणजे सर्वच प्राण्यांचे दूध हे त्यांना कळत होते. आजच्या वादासाठी हा प्रसंग अतिशय उपयोगी आहे, कारण गायीविना चीजचा पेच त्याच्या नेमका उलट आहे. शेळीच्या दुधात शब्द टिकला आणि हेतू मोडला. टाकीतल्या प्रथिनात हेतू टिकतो, पण ‘दूध वर्ज्य’ हा शब्द मोडतो. या दोहोंपैकी कोणाला प्रमाण मानायचे, हाच व्हीगन माणसापुढचा खरा प्रश्न आहे.

१०/
आता पुन्हा इंग्लंड. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनमध्ये अन्नाचे रेशनिंग सुरू झाले आणि १९४१ साली चीजही त्यात आले. ज्यांनी शाकाहारी म्हणून नाव नोंदवले, त्यांना मांसाच्या वाट्याऐवजी जादा चीज मिळू लागले. सरकारच्या दृष्टीने हिशेब सरळ होता: मांस सोडणाऱ्याची भरपाई चीजने करायची. शाकाहारी कुटुंबांच्या ताटात चीजचे स्थान त्यामुळे आणखी भक्कम झाले. गंमत अशी की, त्या चीजपैकी बहुतेक वासराच्या रेनेटने लावलेले असे. मांसाच्या बदल्यात मिळणाऱ्या अन्नातच मारलेल्या वासराचा अंश होता.

११/
याच युद्धकाळात, १९४४ च्या ऑगस्टमध्ये, डोनाल्ड वॉटसन आणि त्यांच्या काही सहकाऱ्यांनी व्हेजिटेरियन सोसायटीकडे विनंती केली की, दूध व अंडीही न खाणाऱ्यांसाठी मासिकात स्वतंत्र जागा असावी. सोसायटीने नकार दिला. तेव्हा नोव्हेंबर १९४४ मध्ये या मोजक्या लोकांनी ‘व्हीगन सोसायटी’ ही वेगळी संस्था काढली. ‘व्हेजिटेरियन’ या इंग्रजी शब्दाची आरंभीची तीन आणि अखेरची दोन अक्षरे जोडून ‘व्हीगन’ हा शब्द घडला. शाकाहार जेथून सुरू होतो तेथून निघून त्याच्या तार्किक शेवटापर्यंत जाणारी वाट, असा त्यामागचा भाव होता.

१२/
पण व्हीगन म्हणजे नेमके काय? आरंभीची ओळख बहुतांशी आहाराची होती: मांस, मासे, अंडी, दूध, चीज नाही. संस्थेला नेमकी व्याख्याच नाही, याकडे लेस्ली क्रॉस यांनी १९४९ साली लक्ष वेधले. १९५१ साली संस्थेने स्वीकारलेल्या व्याख्येचा गाभा पदार्थांच्या यादीत नव्हता; माणसाने प्राण्यांचे शोषण न करता जगावे, या तत्त्वात होता. पुढे तिला ‘शक्य आणि व्यवहार्य असेल तेथवर’ हे शब्द जोडले गेले. माणसाच्या, प्राण्यांच्या व पर्यावरणाच्या हितासाठी प्राणिमुक्त पर्यायांच्या विकासाला व वापराला प्रोत्साहन देणे, हेही त्या व्याख्येत आले. म्हणजे व्याख्येचा रोख पदार्थावरून माणूस आणि प्राणी यांच्यातील संबंधाकडे वळला.

१३/
पर्यायांचा शोध हा या चळवळीला बाहेरून चिकटलेला बाजारी भाग नव्हे. १९५६ साली क्रॉस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘प्लांटमिल्क सोसायटी’ काढली. वनस्पतींपासून दुधासारखे पेय बनवणे आणि ते सर्वसामान्यांच्या आवाक्यात आणणे, हे तिचे उद्दिष्ट होते. १९६५ साली त्यातून सोयादूध विक्रीस आले. दुधाची नक्कल कशाला, ज्याने दूध सोडले त्याला त्याची चव कशाला हवी, असा आक्षेप आज अनेकदा ऐकू येतो. पहिल्या पिढीतील व्हीगनांनी त्याचे उत्तर कृतीने दिले होते. लोकांनी दूध सोडावे असे वाटत असेल, तर त्यांच्या चहात ओतायला काहीतरी दिले पाहिजे.

१४/
दरम्यान रेनेटच्या व्यवहारात अडचण निर्माण झाली. १९६० च्या दशकात जगभर चीजचे उत्पादन झपाट्याने वाढले, पण त्या मानाने वासरांची जठरे मिळेनात. जपानमध्ये केई अरिमा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दूध गोठवणारे विकर बनवणारी बुरशी शोधून काढली. अशा बुरशींपासून ‘मायक्रोबियल रेनेट’ तयार होऊ लागले. वासराची गरज संपली, पण एक दोष राहिला. हे विकर प्रथिनाला नको तेथेही कापते, त्यामुळे दीर्घकाळ मुरणाऱ्या चीजला कडवटपणा येत असे. ताज्या चीजला ते चालले, पण जुन्या, मुरलेल्या चीजला हवे होते ते वासराचेच कायमोसिन.

१५/
उत्तर जनुकशास्त्राने दिले. १९८० च्या दशकाच्या आरंभी जपान व ब्रिटनमधील संशोधकांनी वासराच्या जठरातील पेशींतून कायमोसिनच्या जनुकाची नक्कल मिळवली आणि ती जिवाणूत घातली. आता जिवाणूच कायमोसिन बनवू लागला. अशीच वाट औषधशास्त्रात नुकतीच चोखाळली गेली होती. पूर्वी डुकरांच्या व गुरांच्या स्वादुपिंडातून काढले जाणारे इन्शुलिन १९८२ पासून जिवाणूंकडून बनवून घेतलेल्या रूपात विकले जाऊ लागले होते. मार्च १९९० मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने फायझर कंपनीच्या कायमोसिनला सुरक्षित ठरवले. जनुकीय अभियांत्रिकीतून आलेला आणि अमेरिकेत अन्नासाठी मान्य झालेला हा पहिला घटक.

१६/
म्हणजे ‘प्राण्याचे प्रथिन, पण प्राण्याविना’ हा प्रश्न १९९० सालीच व्यवहारात उभा राहिला होता. हे कायमोसिन रेणूरचनेने वासराचेच, पण त्यासाठी वासरू मारावे लागत नव्हते. शाकाहारी लोकांनी ते स्वीकारले काय? मोठ्या प्रमाणावर स्वीकारले, आणि बहुतेकांना त्याचा पत्ताही लागला नाही. आज अमेरिकेतील चीजचा फार मोठा भाग याच पद्धतीच्या विकराने बनतो. रेणू वासराचा म्हणून तो मांसाहारी, असा आग्रह क्वचितच कोणी धरला. जनुकबदलाला विरोध करणाऱ्यांनी आवाज उठवला, पण तो वेगळ्या कारणासाठी. ‘वासरू मेले काय?’ हा निकष मानला गेला, ‘रेणू कोणाचा?’ हा निकष मागे पडला.

१७/
मात्र या कथेची दुसरी बाजू सहसा सांगितली जात नाही. कायमोसिनने चीज वासराच्या जठरापासून मुक्त केले, वासराला मात्र मुक्त केले नाही. दूध गायीचेच राहिले. गाय वितच राहिली आणि नर वासरू पूर्वीइतकेच बिनकामाचे राहिले. वासरू रेनेटसाठी जन्मत नव्हते, ते दुधासाठी जन्मत होते. त्याच्या मृत्यूचे एक कारण काढून टाकल्याने मृत्यू टळला नाही. उलट रेनेटची टंचाई संपल्याने चीज उद्योगाच्या वाढीतील एक अडसर दूर झाला. वेष्टन निर्मळ झाले, गोठा होता तसाच राहिला. १९४४ साली वॉटसन आणि त्यांचे सहकारी ज्या कारणासाठी वेगळे झाले, ते कारण १९९० च्या शोधाने दूर केले नव्हते.

१८/
२०१४ सालानंतरचे प्रयत्न महत्त्वाचे ठरतात ते याच कारणाने. त्यांनी रेनेट सोडून थेट दुधालाच हात घातला. त्या वर्षी कॅलिफोर्नियातील हौशी जीवशास्त्रज्ञांच्या एका गटाने ‘रिअल व्हीगन चीज’ या नावाने, यीस्टकडून केसीन बनवून घेण्याचा प्रकल्प सुरू केला आणि लोकवर्गणीतून ३७ हजार डॉलरपेक्षा अधिक रक्कम उभी केली. त्याच वर्षी रायन पांड्या व पेरूमल गांधी या दोन तरुणांनी पुढे ‘परफेक्ट डे’ म्हणून ओळखली गेलेली कंपनी काढली. बुरशीकडून बनवून घेतलेले दुधातील निवळीचे प्रथिन वापरून तिने २०१९ साली आइस्क्रीम विकून दाखवले. २०२० साली अमेरिकी प्रशासनाने या प्रथिनाच्या सुरक्षिततेबाबत आपला आक्षेप नसल्याचे कळवले.

१९/
आइस्क्रीमपेक्षा चीज कठीण. निवळीचे प्रथिन एकेकटे सुटे असते, केसीनला मात्र कॅल्शियमसह तेच विशिष्ट गोळे बांधावे लागतात. ते बांधले गेले नाहीत तर चीज वितळत नाही आणि ताणले जात नाही. खोबरेल तेल व स्टार्च यांपासून बनणाऱ्या आजच्या व्हीगन चीजची पिझ्झावर जी फजिती होते, तिचे कारणही हेच. त्यात केसीन नसते. २०१८ साली स्थापन झालेल्या ‘न्यू कल्चर’ या अमेरिकी कंपनीने मोझरेला हेच लक्ष्य ठेवले आणि २०२४ साली आपले केसीन सुरक्षित असल्याचा निर्वाळा तज्ज्ञांकडून मिळाल्याचे जाहीर केले. या तंत्रात जिवंत गाय लागत नाही. जनुकाची अक्षरमाला संगणकीय संग्रहात उपलब्ध असते आणि त्या बरहुकूम डीएनए यंत्राने जुळवता येतो.

२०/
मग व्हीगन लोकांचे आक्षेप कोणते? सर्वांत भक्कम आक्षेप चाचण्यांचा आहे. नव्या अन्नघटकाची सुरक्षितता सिद्ध करताना प्राण्यांवर प्रयोग होऊ शकतात. वनस्पतिजन्य बर्गर बनवणाऱ्या ‘इम्पॉसिबल फूड्स’ने आपल्या हीम प्रथिनाची उंदरांवर चाचणी केली होती. कंपनीचे संस्थापक पॅट ब्राऊन यांनी २०१७ साली जाहीर पत्र लिहून या निर्णयामागची घालमेल मांडली. भविष्यात असंख्य प्राणी वाचावेत म्हणून आज थोडे मारणे, ही त्यांची बाजू. प्राणिहक्क संघटनांनी तिच्यावर कठोर टीका केली. साध्यासाठी साधन अशुद्ध चालते काय, हा प्रश्न भारतीय वाचकाला अपरिचित नाही. हा आक्षेप चीजवर नाही, त्याच्या निर्मितीमार्गावर आहे, आणि म्हणून तो प्रत्येक उत्पादकाबाबत वेगळा तपासावा लागतो.

२१/
दुसरा आक्षेप नावाचा. येथे कायदाच गोंधळलेला दिसतो. युरोपीय कायद्यात दूध म्हणजे दोहनाने मिळणारा स्तन्यस्राव. १४ जून २०१७ रोजी युरोपीय न्यायालयाने वनस्पतिजन्य पदार्थांना ‘दूध’ वा ‘चीज’ म्हणून विकण्यास मनाई केली. त्या तर्काने टाकीतल्या केसीनचे चीजही चीज ठरत नाही. परंतु ज्यांना दुधाची अ‍ॅलर्जी आहे, त्यांच्या शरीराला गाय आणि टाकी यांतला भेद कळत नाही. त्यामुळे अमेरिकेत अशा पदार्थांवर त्यात दुधाचे प्रथिन असल्याची सूचना छापली जाते. एकाच पदार्थावर ‘प्राणिमुक्त’ आणि ‘दुधाचे प्रथिन’ हे दोन्ही शब्द येतात. वेष्टन वाचून अन्न निवडण्याची सवय असलेल्या व्हीगन ग्राहकाला यातून संभ्रम पडला, तर त्यात त्याचा दोष नाही.

२२/
तिसरा आक्षेप मनाचा. अनेक वर्षे दुधापासून दूर राहिलेल्या माणसाला त्याचा वासही नकोसा होतो. काहींना असेही वाटते की, अस्सल चीजची चव जपणे म्हणजे प्राणी हे अन्नाचे साधन आहेत ही जुनी धारणाच जपणे. हे म्हणणे समजण्याजोगे आहे, पण त्याचा आवाका मर्यादित आहे. न आवडणे हे न खाण्याचे पुरेसे कारण आहे. इतरांनी खाऊ नये असे म्हणण्याचे मात्र ते कारण होत नाही. शिवाय असे चीज मुख्यतः व्हीगनांसाठी नाहीच. ज्यांनी दूध कधी सोडलेले नाही आणि चवीखातर सोडणारही नाहीत, तेच त्याचे अपेक्षित गिऱ्हाईक आहे.

२३/
भारतात हा प्रश्न वेगळ्या पार्श्वभूमीवर उभा राहतो. येथे शाकाहाराच्या कल्पनेत दूध केवळ मान्य नाही, ते पवित्र आहे. २००१ साली वेष्टनांवर हिरवा ठिपका आला, तेव्हा प्राणिजन्य पदार्थांच्या व्याख्येतून दूध व दुग्धजन्य पदार्थ स्पष्ट शब्दांत वगळण्यात आले. पुढे अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने २०२२ च्या नियमांद्वारे व्हीगन अन्नासाठी वेगळे चिन्ह व वेगळी व्याख्या आणली. तीत प्राणिजन्य घटक निर्मितीच्या कोणत्याही टप्प्यावर नसावा, अशी अट आहे. नियामकाने स्वतः मागणी केली नसेल, तर प्राण्यांवर चाचणीही नसावी, अशीही अट आहे. बुरशीने घडवलेल्या गायीच्या केसीनला ‘प्राणिजन्य’ म्हणायचे की नाही, यावर या चिन्हाचा निर्णय अवलंबून राहील.

२४/
भारत १९९८ पासून जगातील सर्वांत मोठा दूध उत्पादक देश आहे, त्यामुळे वासराचा प्रश्न येथे अधिकच बोचरा आहे. महाराष्ट्रात एकेकाळी गोऱ्हा जन्मला की घरात आनंद होई, कारण तो उद्याचा बैल असे. औत, मोट, गाडी सर्व त्याच्यावर चाले. ट्रॅक्टर आणि पंप आल्यावर त्याचे काम घटले. २०१५ पासून राज्यात गायीबरोबरच बैल व वळू यांच्या हत्येवरही बंदी आहे. म्हशीच्या नर पारड्याला तेही संरक्षण नाही. दुधाची मागणी वाढते, नर वासराचा उपयोग संपतो आणि त्याला पोसण्याचा भार लहान शेतकऱ्यावर पडतो. पोलादी टाकीने हा पेच सुटला, तर दुभत्यावर जगणाऱ्या त्याच शेतकऱ्याची मिळकतही धोक्यात येईल. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत.

२५/
तर मग व्हीगन हे चीज खातील काय? इतिहासाच्या आधारे एवढे म्हणता येते. १९५१ पासूनची व्याख्या पदार्थाच्या नावावर उभी नाही, शोषणाच्या नकारावर उभी आहे. त्या व्याख्येनुसार, चाचणीत प्राणी वापरलेला नसेल, तर गायीविना बनलेले चीज खाण्यास तत्त्वतः अडथळा दिसत नाही. १९९० च्या कायमोसिनने हा निकष व्यवहारात रुळवलाही आहे. जे ‘दूध वर्ज्य’ या शब्दाला व्रत मानतात, ते ते खाणार नाहीत, आणि तो त्यांचा अधिकार आहे. फक्त शब्द पाळल्याने हेतू आपोआप पाळला जात नाही, हे १९१९ च्या मुंबईतील त्या आजारी माणसाने स्वतःच्याच व्रताबद्दल लिहून ठेवले आहे.

२६/
याहून मोठी कसोटी दुसरीच आहे. कायमोसिन आले, तेव्हा शाकाहारी माणसाचे ताट निर्दोष झाले आणि वासराच्या वाट्याला काहीच आले नाही. टाकीतले केसीन गायीच्या दुधाची जागा घेणार, की गायीच्या चीजशेजारी आणखी एक महागडे चीज म्हणून दुकानात बसणार, यावर त्याचे मोल ठरेल. पहिले घडले, तर गायीला वारंवार गाभण ठेवण्याची गरज कमी होईल आणि ज्यांचा उपयोग नाही अशी वासरे कमी जन्मतील. दुसरे घडले, तर १९९० ची पुनरावृत्ती होईल. व्हीगन माणूस ते चीज खातो की नाही याची चर्चा रंजक आहे खरी, पण १९४४ साली ज्यांनी हा शब्द घडवला, त्यांनी आधी विचारले असते ते हेच: गोठ्यातल्या वासराचे पुढे काय झाले?